ठेवलेलं आणि जपलेलं : साठवण, बॅकअप आणि अभिलेखागार यांची प्राथमिक परिभाषा

आजचा विषय आहे माहिती साठवण्याची आणि ती जतन करण्याची परिभाषा. विषय संगणकाचा आहे, पण उदाहरणं आपण कर्जत-खालापूर भागातल्या ठाकूरवाड्यांमधली घेणार आहोत. डेटा, स्टोरेज, बॅकअप, आर्काइव्ह हे शब्द आपण मोबाइलच्या दुकानात ऐकतो, सेतू केंद्रात ऐकतो, मुलांच्या तोंडून ऐकतो. अडचण अशी की आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. ‘सगळं गूगलवर आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाला नेमकं काय म्हणायचं असतं, हे बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं. ते कळतं ते कागद हरवल्यावर.

म्हणून सुरुवातीलाच तीन प्रश्न वेगळे करून ठेवू. पहिला : वस्तू कुठे ठेवली आहे? याला साठवण किंवा स्टोरेज म्हणतात. दुसरा : ती गेली तर परत कशी आणणार? हा बॅकअप. तिसरा : तीस-चाळीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाला ती लागली, तर त्याला सापडेल का, वाचता येईल का, आणि खरी म्हणून मान्य होईल का? हे आर्काइव्ह, म्हणजे अभिलेखागार. आजचं सगळं व्याख्यान या तीन प्रश्नांभोवती आहे. पहिल्याचं उत्तर आहे म्हणून दुसऱ्याचंही आहे असं होत नाही. आणि पहिल्या दोघांचं असलं तरी तिसऱ्याचं नसू शकतं.

एका घराचे कागद

वाडीतल्या एखाद्या घरातली पत्र्याची पेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात रेशनकार्ड आहे, आधार आहे, बँकेचं पासबुक आहे, रोजगार हमीचं जॉब कार्ड आहे. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आहेत, जातीचा दाखला आहे, असलं तर वैधता प्रमाणपत्र आहे. वनहक्काचा दावा केला असेल तर त्याची पोच आहे, मोजणीचा नकाशा आहे. घरपट्टीच्या जुन्या पावत्या आहेत. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

यातल्या काही कागदांचं वजन किती आहे ते बघा. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दावा सिद्ध करताना ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची धरतात. तिच्या आधीचा आजोबा-पणजोबांचा कागद मिळाला तर काम सोपं होतं. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे असा प्रवास करतो. म्हणजे एका कुटुंबाची जमीन आणि नातवाचं शिक्षण दोन्ही, कुणीतरी कधीतरी नीट ठेवलेल्या कागदावर अवलंबून असतं.

आणि मग १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकर समाजाचीच वाडी. २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. त्या दुःखापुढे कागदाची गोष्ट लहान आहे, हे आम्हाला कळतं. पण जे वाचले त्यांना दुसऱ्या दिवसापासून स्वतःची ओळख सांगायची होती, आणि घरासोबत पेटीही मातीखाली होती. रेशनकार्ड, आधार यांसारखे कागद नव्याने काढून द्यावे लागले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आधार पुन्हा निघतं, कारण त्याची मूळ नोंद दुसरीकडे आहे. पेटीत असतो तो फक्त तिचा छापलेला उतारा. पण आजोबांच्या हाताची एखादी जुनी पावती, जी जगात एकच होती, ती पुन्हा निघत नाही. आजच्या परिभाषेतला हा सगळ्यात मोठा फरक आहे. कुठल्या वस्तूची मूळ नोंद अन्यत्र आहे, आणि कुठली वस्तू एकुलती एक आहे?

डेटा, फाइल आणि मेटाडेटा

आता शब्दांकडे येऊ. डेटा म्हणजे नोंदलेली माहिती. मराठीत ‘विदा’ असाही शब्द आहे, पण बोलण्यात डेटाच आहे, आपण तोच ठेवू. संगणकात सगळा डेटा शेवटी शून्य आणि एक यांच्यात लिहिलेला असतो. असं एक घर म्हणजे बिट, आठ बिट म्हणजे एक बाइट. हजार बाइटचा एक किलोबाइट, हजार किलोबाइटचा मेगाबाइट, पुढे गिगाबाइट, टेराबाइट. काही संगणक हजाराऐवजी १०२४ ने मोजतात, म्हणून ५०० जीबीची डिस्क लावली की पडद्यावर ४६५ दिसतात. दुकानदाराने फसवलेलं नसतं, मोजायचं माप वेगळं असतं.

एक हिशेब करून बघू. ए-फोर आकाराचा एक कागद इंचाला ३०० ठिपके या बारकाईने स्कॅन केला, तर साधारण २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे जवळपास २६ एमबी. फाइल दाबून लहान केली, ज्याला कॉम्प्रेशन म्हणतात, की ती एक-दोन एमबीवर येते. एका घराचे ४० कागद धरले, कागदाला दोन एमबी धरले, तर ८० एमबी. शंभर घरांची वाडी असेल तर आठ जीबी. अख्ख्या वाडीचे कागद एका साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावतात! म्हणजे जागा हा आपला प्रश्न नाहीच. प्रश्न पुढचे आहेत.

कॉम्प्रेशन दोन प्रकारचं असतं. एकात फाइल उघडली की सगळं जसंच्या तसं परत मिळतं. दुसऱ्यात बारकावे कायमचे टाकून दिले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला कागद दुसऱ्या प्रकारात जातो. त्यामुळे जुन्या पावतीवरचा फिकट शिक्का पुसट होतो, आणि नेमका तोच शिक्का कामाचा असतो. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

फाइल म्हणजे एका नावाखाली बांधलेला डेटा. आणि मेटाडेटा म्हणजे त्या डेटाबद्दलची माहिती : कागद कुणाचा, कसला, कधीचा, कुणी दिला, मूळ कुठे आहे. फोनमध्ये कागदाचा फोटो पडून असतो, त्याचं नाव असतं अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक माळ. आज तुम्हाला आठवतं की हा काकांच्या दाव्याचा नकाशा आहे. पाच वर्षांनी चार हजार फोटोंमध्ये तो शोधायचा कसा?

मेटाडेटा किती महत्त्वाचा, ते आपल्या गावाच्या नावातच बघा. ठाकूरवाडी एक नाही. कर्जत आणि खालापूर मिळून या नावाच्या कितीतरी वाड्या आहेत. भोर घाटात पळसदरी, जांब्रुंगच्या वर रेल्वेचं ठाणंही ठाकूरवाडी नावाचं आहे. शिवाय कुणी ‘ठाकुरवाडी’ लिहितं, कुणी ‘ठाकूरवाडी’, कुणी मध्ये जागा सोडतं. माणसाला हे एकच वाटतं, संगणकाला ती तीन वेगळी नावं आहेत. जमातीच्या नावाचंही तसंच. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर अशी नावं एकाच नोंदीत आहेत. शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी काय लिहिलं त्यावर पुढच्या पिढीचं काम अडतं, हे इथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. म्हणून जतनाच्या शास्त्रात दोन नियम पाळतात. एक, प्रत्येक वस्तूला स्वतःचा, कधीच न बदलणारा क्रमांक द्यायचा. दोन, मूळ कागदावर जे जसं लिहिलंय ते तसंच नोंदवायचं आणि पर्यायी लेखन शेजारी वेगळं लिहायचं. मूळ ‘सुधारायचं’ नाही.

सातबारा आणि फेरफार : डेटाबेसची ओळख

डेटाबेस म्हणजे ठरलेल्या रकान्यांत भरलेला, शोधता येणारा डेटा. हा शब्द नवा असला तरी वस्तू आपल्याकडे जुनी आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा : जमीन कुणाच्या नावावर आणि पीक काय. आठ-अ हा खातेदाराच्या नावाने लावलेला उतारा, म्हणजे एका माणसाच्या नावावर गावात काय काय आहे ते एका जागी. संगणकाच्या भाषेत हे इंडेक्सचं काम झालं. आणि नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. सातबारा आजची स्थिती सांगतो, तर फेरफार तिथपर्यंत आपण कसे आलो ते सांगतो. डेटाबेसमध्येही अशीच एक बदलांची वही ठेवतात, तिला लॉग म्हणतात. मुख्य तक्ता बिघडला तरी लॉग शाबूत असेल तर एकेक बदल पुन्हा करत स्थिती उभी करता येते. जमिनीच्या वादात वकील आधी जुने फेरफार का मागतात, त्याचं उत्तर इथे आहे.

साठवणीची माध्यमं

ज्यावर डेटा लिहितात ते माध्यम. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी चुंबकीय तबकडी असते. पडली की बिघडते. एसएसडी आणि पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं, विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवले तर तो हळूहळू गळू शकतो. चुंबकीय टेप जुनी वाटते, पण मोठ्या संस्था आजही तीच वापरतात. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ या प्रकारच्या एका कॅसेटमध्ये १८ टेराबाइट मावतात, आणि कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही.

यावरून तीन शब्द येतात. ऑनलाइन साठवण म्हणजे मागितल्याबरोबर मिळणारी. ऑफलाइन म्हणजे यंत्रापासून काढून ठेवलेली, हाताने आणून लावावी लागणारी. मधली ती निअरलाइन, जिथे यंत्र स्वतःच टेप शोधून लावतं, थोडा वेळ जातो. घरात बघा : रोजचं तांदूळ डब्यात, महिन्याचं पिंपात, वर्षाचं कणगीत. सगळं डब्यात ठेवायला जागा नसते, आणि सगळं कणगीत ठेवलं तर रोज कोण चढणार!

क्लाउड म्हणजे ढग नव्हे, दुसऱ्याच्या इमारतीतल्या डिस्क. चांगल्या क्लाउडमध्ये प्रती एकाहून जास्त ठिकाणी असतात, पण ते आपोआप गृहीत धरू नये. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ नावाची क्लाउड यंत्रणा त्यात जळाली. ८५८ टेराबाइट डेटा, आणि बाहेर कुठे बॅकअप नव्हता. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेला देश, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे लिहिलेलंच नव्हतं.

बॅकअप म्हणजे काय, आणि काय नाही

बॅकअप म्हणजे मूळ गेलं तर परत आणण्यासाठी वेगळी ठेवलेली प्रत. यात ‘वेगळी’ हा शब्द कळीचा आहे. बॅकअपसारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी आधी बाजूला काढू.

पहिली, रेड. एकाच वेळी दोन किंवा जास्त डिस्कवर लिहायची ही पद्धत १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडली. एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. उत्तम सोय आहे. पण दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही जातात. चुकून फाइल पुसली तर दोन्हींवरून पुसली जाते.

दुसरी, सिंक. फोनमधले फोटो आपोआप खात्यावर जातात, ते बहुतेक वेळा सिंक असतं. दोन्हीकडे सारखं ठेवणं हे त्याचं काम. म्हणून नातवाने फोनवर खेळता खेळता फोटो पुसले तर वरूनही जातात. काही दिवस कचरापेटीत राहतात, मग कायमचे जातात.

तिसरी, स्नॅपशॉट. एका क्षणाची स्थिती गोठवून ठेवणं. मागे जायला फार उपयोगी, पण बऱ्याचदा तो मूळ डिस्कवरच असतो. डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला.

मग खरा बॅकअप कसा? त्यासाठी सोपा नियम आहे, ३-२-१. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकांपुढे आणला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. या शेवटच्या प्रतीला ऑफसाइट म्हणतात. डोंगराच्या कुशीतल्या वाडीला हा ‘एक’ सगळ्यात मोलाचा. शेजारच्या घरात ठेवलेली झेरॉक्स दरडीच्या वेळी कामाची नाही.

मोठ्या यंत्रणांमध्ये फुल बॅकअप आणि इन्क्रिमेंटल बॅकअप असे शब्द ऐकाल. फुल म्हणजे दर वेळी सगळं. इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या वेळेनंतर जे बदललं तेवढंच. दुसऱ्यात जागा वाचते, पण परत आणताना साखळीतली प्रत्येक कडी लागते. डीडुप्लिकेशन म्हणजे तीच वस्तू दहा जागी असेल तर एकदाच ठेवून बाकी ठिकाणी फक्त पत्ता लिहायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द, रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून परत आणणं. जो बॅकअप एकदाही उघडून पाहिलेला नाही, त्यावर विसंबू नये. पावसाळ्यापूर्वी आपण घर शाकारतो. कौल फुटलंय का, पेंढा कुजलाय का, ते वर चढून बघतो. पाऊस सुरू झाल्यावर नाही बघत. तसंच वर्षातून एकदा, मे महिन्यात म्हणा, पेन ड्राइव्ह लावून चार फायली उघडून बघायच्या.

अभिलेखागार : तिसरा प्रश्न

बॅकअप हा कालच्यासाठी असतो, अभिलेखागार परवासाठी. बॅकअप जुना झाला की पुसून त्यावर नवा घेतात. अभिलेखागारातली वस्तू बदलायची नसते. आपल्याकडे याची परंपरा मोठी आहे. मुंबईचं शासकीय पुराभिलेखागार १८२१ पासूनचं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथे कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडाचं चौकोनी फडकं, त्यात एकत्र आलेले कागद एकत्रच बांधायचे. यामागे शास्त्र आहे. कागद कुठल्या कचेरीतून, कुठल्या क्रमाने आला, हीसुद्धा माहिती आहे. तो क्रम मोडला की अर्धा अर्थ गेला. गो. स. सरदेसाईंनी या दफ्तरातून निवडलेले कागद १९३० पासून पुढच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापले. ते शक्य झालं, कारण रुमाल टिकले होते.

सगळं कायम ठेवता येत नाही. म्हणून जतन कालावधी ठरवतात, इंग्रजीत रिटेन्शन म्हणतात तो. सरकारी कचेरीत फायलींचं ‘अ, ब, क, ड’ असं वर्गीकरण तुम्ही ऐकलं असेल. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी, ‘ड’ एक वर्ष. मुदत संपली की रीतसर परवानगीने नाश. याला विल्हेवाट म्हणतात आणि तीही जतनाचाच भाग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे सरकारी अभिलेख मनाला येईल तसे नष्ट करता येत नाहीत, तसं करणं हा गुन्हा आहे. म्हणून माहितीच्या अधिकारात ‘फाइल सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न विचारायचा : ती कुठल्या वर्गात होती, आणि नष्ट केली असेल तर नष्ट केल्याची नोंद दाखवा. ही परिभाषा माहीत असण्याचा उपयोग इथे होतो.

आता आगीचं एक घरचं उदाहरण. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले. माणसं गेली, फायलीही गेल्या. अनेक फायली इतर कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. ज्यांची प्रत जिल्ह्यात होती त्या उभ्या राहिल्या. इथेही तोच नियम, फक्त नाव वेगळं.

डिजिटल अभिलेखागारासाठी जगभर एक आराखडा मानतात, आयएसओ १४७२१. तो अवकाश संशोधन संस्थांच्या समितीने तयार केला, कारण उपग्रहांचा डेटा त्यांना दशकानुदशकं जपायचा होता. त्यात तीन टप्पे आहेत : जमा करताना आलेलं गाठोडं, जपण्यासाठी नीट बांधलेलं गाठोडं आणि मागणाऱ्याला देण्यासाठी तयार केलेलं गाठोडं. तहसीलच्या अभिलेख कक्षात हेच चालतं. फाइल जमा होते, नोंद होऊन रुमालात बसते, आणि तुम्ही नक्कल अर्ज केलात की प्रमाणित नक्कल मिळते. मूळ फाइल कक्षाबाहेर तुमच्या हातात येत नाही. मूळ जपायचं आणि नक्कल द्यायची, एवढ्यात अर्धं अभिलेखशास्त्र आलं.

वाचता येईल का?

डेटा शाबूत आहे, तरी वाचता येत नाही, असं होतं. याचं आपलं स्वतःचं उदाहरण म्हणजे मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीतरी नोंदी मोडीत आहेत. जुन्या कोतवाल बुकात, जन्म-मृत्यूच्या नोंदीत तुमच्या पणजोबांचं नाव असेलही. कागद टिकला, शाई टिकली, पण वाचणारा उरला नाही. म्हणून आज मोडी जाणकारांकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

संगणकात याला फॉरमॅट कालबाह्य होणं म्हणतात. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टंकलेला असे. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव ही नावं डीटीपीवाल्यांना आठवतील. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की नुसती चिन्हांची भेळ दिसते. यावर उपाय दोन. एक म्हणजे स्थलांतर, मायग्रेशन : फॉरमॅट अजून वाचता येतोय तोवर नव्यात आणून घ्यायचं. फ्लॉपीवरून सीडी, सीडीवरून डिस्क, हेही स्थलांतरच. दुसरा, सुरुवातीलाच टिकाऊ फॉरमॅट निवडायचा. पीडीएफ-ए हा जतनासाठीच केलेला पीडीएफचा प्रकार आहे. लागणारे फॉन्ट त्या फाइलमध्येच बांधलेले असतात. मजकूर युनिकोडमध्ये, कागद पीडीएफ-एमध्ये, एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

खरी म्हणून मान्य होईल का?

शेवटचे दोन शब्द : हॅश आणि डिजिटल स्वाक्षरी. फाइलमधल्या सगळ्या बाइटवर ठरलेलं गणित करून एक छोटी खूण काढतात, ती हॅश. शा-२५६ या पद्धतीत ती ६४ अक्षर-आकड्यांची असते. फाइलमध्ये एक काना बदलला तरी पूर्ण खूण बदलते. साठवलेल्या फायली कालांतराने आपोआपही बिघडतात, एखादा बिट पलटतो. म्हणून अभिलेखागारात दर काही काळाने हॅश पुन्हा काढून जुन्याशी ताडतात. वाळवी लागली का ते रुमाल सोडून बघण्यासारखंच हे.

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे त्या हॅशवर अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने मारलेला शिक्का. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यावर तलाठ्याची शाईची सही लागत नाही. पण एक सांगतो, ती सही फाइलमध्ये असते. त्या उताऱ्याचा फोटो काढून ठेवलात तर ठेवलात फक्त चित्र. पीडीएफ फाइल जशी आली तशीच ठेवा, उघडून पुन्हा सेव्ह करू नका.

वाडीत करता येण्यासारखं

एवढं ऐकल्यावर करायचं काय? पहिलं, कागदांचे दोन ढीग करा : ज्यांची मूळ नोंद सरकारकडे आहे ते, आणि जे एकुलते एक आहेत ते. दुसऱ्या ढिगापासून स्कॅनिंग सुरू करा. दुसरं, प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक कागदाला क्रमांक, आणि एका साध्या वहीत त्यांची यादी. वही हाच तुमचा मेटाडेटा. तिसरं, एक प्रत पेटीत, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक प्रत वाडीबाहेर : नेरळला, चौकला, लेकीच्या सासरी, जिथे जमेल तिथे. चौथं, मेमध्ये उघडून तपासा. पाचवं, कागदाला लॅमिनेशन करू नका. एकदा चिकटलेलं प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही, आणि आतली ओल आतच राहते.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : डिजिलॉकरमध्ये ठेवलं तर एवढं सगळं करायची गरज आहे का?

डिजिलॉकर २०१५ पासून आहे आणि जरूर वापरा. त्यात दोन कप्पे आहेत हे मात्र ओळखा. एकात कचेरीकडून थेट आलेले कागद असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांनुसार ते मूळ कागदाच्या बरोबरीने धरले जातात. दुसऱ्यात तुम्ही स्वतः चढवलेले फोटो असतात, ती नुसती तुमची प्रत. आजोबांची पावती दुसऱ्या कप्प्यात जाते, म्हणून तिचा मूळ कागद सांभाळावाच लागेल.

प्रश्न : सगळ्या वाडीचे आधार एका पेन ड्राइव्हवर ठेवणं धोक्याचं नाही का?

आहे. म्हणूनच त्याला कुलूप हवं. एन्क्रिप्शन म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात फाइल ठेवणं. पण पासवर्ड हरवला तर तुम्हालाही वाचता येत नाही, तेव्हा तो किमान दोन विश्वासू माणसांकडे असू द्या. आणि व्हॉट्सॲपच्या गटात कुणाचं आधार टाकू नका.

प्रश्न : शाळेने दिलेला दाखला हरवला, शाळा म्हणते जुना आहे. मग?

दाखला हा उतारा आहे. मूळ नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरात असते, आणि ते रजिस्टर जपायची जबाबदारी शाळेची आहे. तुमच्या दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष कुठेतरी लिहून ठेवलेलं असेल तर शोध दहा मिनिटांचा. नसेल तर वहीच्या वह्या चाळाव्या लागतात. दाखला जाऊ शकतो, क्रमांक जाऊ देऊ नका.

प्रश्न : वनहक्काचे पुरावे म्हणून म्हाताऱ्या माणसांचं सांगणं चालतं, ते कसं जपायचं?

नियमांमध्ये दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा एक पुरावा धरला आहे. त्याच्या जोडीला आणखी पुरावा लागतो. निवेदन रीतसर लिहून, सही-अंगठा घेऊन, तारीख टाकून ठेवा, आणि शक्य असेल तर बोलणं ध्वनिमुद्रितही करा. सुरुवातीलाच नाव, वय, वाडी, तारीख त्यांच्याच तोंडून येऊ द्या, म्हणजे मेटाडेटा आवाजातच बांधला जातो. हे काम मात्र पुढच्या मेपर्यंत ठेवू नका. कागदाची प्रत निघते, माणसाची निघत नाही.

वेळ झाली आहे, इथे थांबतो.